वीस वर्षांपुढचं बघणारी

— नाही हो, ज्योतिषी नव्हती ती, सगळे तुमच्यासारखेच फसतात. मीही फसले होते. या, आत या, जागा तिचीच आहे, भाड्याने द्यायची म्हणून किल्ली शेजारी माझ्याकडे ठेवलीय. सल्लागार ती. मोठमोठ्या कंपन्यांना सांगायची, वीस वर्षांनी पाणी किती उरेल, वीज कशापासून करावी लागेल, तुमचा कुठला माल तेव्हा कुणी हातात धरणार नाही, म्हणून आत्तापासूनच नवीन काय काढा. मी काय ऐकलं? तर, भविष्याचं काम करते. झालं, दुसऱ्या दिवशी हात पुढे करून बसले तिच्यासमोर — मुलगा परत येईल का गं माझा, बघ जरा. हसली नाही बिचारी. म्हणाली, काय होईल ते मी नाही सांगत काकू, काय काय होऊ शकतं ते सांगते, आणि माणसाने सगळ्याची तयारी ठेवायची. म्हटलं, मग ज्योतिषी बरा, काय ते एक सांगून मोकळा तरी होतो.

हे स्वयंपाकघर. सकाळी ऊन येतं — म्हणजे येतं तसं, पण उकडतं फार. तुम्ही एकटेच राहणार? लग्न? — बरं, राहू दे. तीही एकटीच. इंधन वाचवा हे सांगायला विमानाने जायची, मी चिडवायचे, तर म्हणायची, तेवढं एक नका बोलू काकू, तेच टोचतं मला. कपडे धुतलेलं पाणी नळी लावून कुंड्यांना सोडलं होतं तिने, ते गळलं खालच्यांच्या डोक्यावर — भांडण मी मिटवलं. साहेबलोकांसमोर बोलायचं असलं की आदल्या दिवशी मला इथे खुर्चीत बसवायची, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची — हे डाग त्यांचेच — आणि बोलत सुटायची. तुम्हाला कळलं की त्यांनाही कळेल, म्हणे. मला निम्मं कळायचं नाही. मान हलवायचे. नाही म्हटलं तर दुसरं कुणी शोधायची ना.

एकदा असाच सराव चालला होता. साहेबांना ती सुरुवातीला एक प्रश्न विचारायची, तो मला विचारला — "वीस वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" आता त्यात विचार काय करायचा? म्हटलं, "इथेच. तुझ्या शेजारी." तर हिने हातातली चिठ्ठी लावलीच नाही भिंतीला. मला वाटलं, उत्तर चुकलं. मग कळलं, परदेशातल्या नोकरीला ती आधीच हो म्हणून बसली होती. एवढं वीस वर्षांपुढचं बघणारी पोर — मला चार दिवस आधी सांगायला जीभ रेटली नाही तिची.

फोन करते. पूर्वी उगाचच करायची, आता जागेचं विचारायला करते — कुणी आलं होतं का काकू, पसंत पडली का? मी सांगते, येतात गं, पण पाण्याचा त्रास ऐकून जातात. — छे, पाणी दिवसभर असतं. सांगते आपली तसं. एकदा जागा गेली की ती इकडे कशाला येईल, आणि फोन तरी कशाला करेल?

काय म्हणालात? आवडली? इतक्यात? अजून न्हाणीघर तरी कुठे पाहिलंत... नाही, तिचा नंबर मी देत नाही कुणाला. मीच कळवते तिला आज. सांगते, एक गृहस्थ आले होते, माणूस चांगला वाटला, पण त्यांना जागा अंधारी वाटली. — जाताना दार ओढून घ्या. मी बसते जरा इथे.