चार वाट्या, दोन उपड्या

—तर तेव्हा मी नवस बोलले, ताई, की माझी पोर या दुखण्यातून उठली तर जन्मात खोटं बोलणार नाही. उठली की हो! आणि मीही पाळलाय, आजतागायत. शेजारीण विचारते, बाळ कसं दिसतं — मी म्हणते, डोळे सुंदर आहेत. खोटं नाही ना ते? हसलात, बरं वाटलं. मघापासून बघतेय, त्या रुमालाची पिळून पिळून चिंधी केलीत. देव आहे हो. आत चौकशीला तुमचे यजमान ना? वृद्धाश्रमाचे रखवालदार? पेपरात फोटो पाहिला. आग लागली तेव्हा झोपले होते म्हणतात — मला नाही पटलं. झोपलेल्या माणसाचे हात असे भाजतात का?

माझी मुलगीही आतच आहे. नाही नाही, तिने काही केलं नाही — म्हणजे साक्षीला बोलावलंय. ती धुराची घंटा तिच्या कंपनीची. कसं असतं सांगू? प्रत्येक खोलीच्या छताला एक डबी, तिच्यात खोलीच्या नंबराप्रमाणे लावलेली चार इवली बटणं — वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. धूर लागला की डबी तो एक-शून्याचा क्रम धाडते, आणि तुमच्या यजमानांच्या टेबलावरच्या पडद्यावर खोलीचा आपला साधा आकडा उमटतो. एक-शून्याचा आकडा करायचं काम कॉम्प्युटरच्या भाषेतल्या चार ओळींचं. त्या माझ्या मुलीने लिहिलेल्या.

मला कुठलं कळायला! पण तिने परवा शिकवलं ना. आगीपासून तिला घासच उतरत नव्हता. मी म्हटलं, जेवू नकोस, पण झालंय काय ते तरी सांग. तर निथळत ठेवलेल्या चार वाट्या उचलल्या आणि टेबलावर ओळीत मांडल्या — डावीकडे दोन सुलट्या, उजवीकडे दोन उपड्या. म्हणाली, आई, उजवीकडून मोज. पहिली वाटी एकची, मग दोनची, चारची, आठची. उपडी असेल ती सोडून दे. मी मोजलं — चार आणि आठ, बारा! गणितात कायमची नापास मी, जीव सुखावला अगदी. मग म्हणाली, आता टेबलाच्या पलीकडे जा. वाट्यांना हात लावू नकोस. तिथून मोज. गेले. तिथून सुलट्या माझ्या उजव्या हाताला आल्या — एक आणि दोन. तीन. मी तीन म्हणाले आणि पोरीने टेबलावर डोकंच टेकलं. मी विचारलं, अगं, आधी तपासलं नव्हतंस? तर म्हणाली, तपासलं होतं — सहा, नऊ आणि पंधरा. मांडून पाहिल्या मी वाट्या. नऊ कुठल्याही बाजूने मोजा, नऊच. बाकीचे दोनही तसेच. तेवढ्याच खोल्या रिकाम्या होत्या. इतरांत म्हातारी माणसं दुपारची आडवी झालेली, त्यांना कशाला उठवायचं म्हणून... मनाने फार चांगली आहे हो ती.

—काय झालं? अशा का बघताय? हो... बारा नंबरचे मास्तर गेले. हो, तीन नंबर दुसऱ्या टोकाला, जिन्यापलीकडे... तुमचे यजमान आधी तिकडेच धावले, पडद्यावर तीनच होतं म्हणतात, आणि कुणी विश्वास ठेवत नाही, कारण आता पडद्यावर नीट बारा येतं... तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच दुरुस्त केलं ना! पुन्हा कुणी दगावू नये म्हणून केलं, लपवायला नाही — हळू, ताई, हळू, शिपाई बघतोय. बसा. माझी शपथ आहे, बसा.

आत तिला विचारतील, यंत्र चालतं का. ती म्हणेल, चालतं. आज चालतंच की, त्यात खोटं काय? तुमचे यजमान धडधाकट आहेत, सावरतील. माझी पोर आता पडली तर पुन्हा उठायची नाही. मी रोज दोन्ही घरांसाठी हात जोडते, तुमच्या मुलांसाठीसुद्धा — नावं माहीत नाहीत, 'रखवालदाराची मुलं' म्हणते, देवाला कळतं. सगळं नीट होईल. आमच्या ह्यांनी परवा विचारलं, काय म्हणाली पोरगी? खोटं नाही बोलले मी. वाट्या धुऊन जागेवर ठेवल्या आणि गप्प राहिले... दार उघडलं बघा. तुम्हालाच बोलावतायत. ताई, हात सोडते, पण ऐका — खोटं बोला असं मी कशी म्हणेन? फक्त माझ्यासारखं करा. गप्प राहा.