वहिनी रजेवर आहेत

समारंभाच्या अध्यक्षा माननीय कुलगुरू मॅडम, व्यासपीठावरचे कुलसचिव साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते संगणक केंद्राचे प्रमुख, म्हणजे आपले टपालराव, आणि चहा येईपर्यंत खुर्ची न सोडण्याचा निर्धार केलेल्या सहकारी बंधुभगिनींनो,

भाषा विभागाचा माणूस बोलायला उभा राहिला की लोक घड्याळ बघतात. खुशाल बघा.

आपली जुनी ई-मेल यंत्रणा टपालरावांनी उभी केली, आणि आपण काय केलं? तिला नाकातोंडाशी येईपर्यंत कोंबलं. सहलीचे फोटो सगळ्यांना, एकाचं अभिनंदन सगळ्यांना, आणि ‘कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका’ या सूचनेवर ‘ठीक आहे’ हेही सगळ्यांना! टपालराव एकेकाला फोन करायचे, “सर, खातं भरलंय, जरा रिकामं करा.” आमचे इतिहासवाले म्हणायचे, “अहो, इतिहास पुसायचा असतो का?”

“मग तो तुमच्या विभागात ठेवा ना! माझ्याकडे जागा नाही.”

पण यंत्रणा शेवटी बसली ती आपल्यामुळे नाही. कँटीनमध्ये काहीबाही सांगितलं जातं, म्हणून आज बोलतो.

टपालरावांच्या पत्नी, आपल्या ग्रंथपाल, आपल्या सगळ्यांच्या वहिनी. ऑपरेशनला जाताना त्या खात्यावर आपोआप जाणारं उत्तर लावून गेल्या: ‘मी रजेवर आहे. परत आल्यावर नक्की उत्तर देईन.’ त्या परत आल्या नाहीत. आपल्याकडे कुणी गेलं की ती बातमी संगणक केंद्रातून सगळ्यांना जाते. ही बातमीही टपालरावांनीच लिहिली, स्वतःच्या खात्यावर ‘रजेवर आहे’ लावलं, बातमी सगळ्यांना पाठवली आणि घरी गेले.

सगळ्यांच्या यादीत वहिनीही होत्या.

त्यांच्या जाण्याची बातमी त्यांनाच पोचली. त्यांच्या खात्याने कळवलं, मी रजेवर आहे. टपालरावांच्या खात्याने उलट कळवलं, मीही रजेवर आहे. आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, एवढंच त्या जुन्या यंत्रणेला ठाऊक. दोघं बोलत राहिले, आणि त्या बोलण्याखाली अख्ख्या विद्यापीठाचं टपाल ठप्प झालं. संसारात बोलायचं राहून गेलेलं किती असतं, नाही?

कामावर आल्यावर टपालरावांनी आपलं उत्तर काढलं, वहिनींचं राहू दिलं. आम्ही शेजारी, घरी बरोबरच जायचो, म्हणून मी पाहिलंय. निघताना ते वहिनींना एक ओळ पाठवायचे: ‘निघतोय. काही आणायचंय का?’ आलेलं उत्तर वाचायचे, मग खुर्ची आत सरकवायचे.

नवी यंत्रणा घ्यायचं ठरलं. हयात नसलेल्यांची खाती तिकडे न्यायची नाहीत, हा नियम टपालरावांचाच.  बैठकीत कुलसचिव साहेब म्हणाले, “अहो, एक खातं राहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“प्रत्येकाचं एकच असतं, साहेब. गणिताच्या सरांची मुलगी वडिलांसाठी येऊन गेली. तिला नाही म्हटलंय मी. पत्रं उतरवून दिली तिला, तशी मीही घेईन.”

पत्रं उतरवून घेता येतात हो. उत्तर देणारं माणूस कसं उतरवून घ्यायचं?

नवी यंत्रणा सुरू झाली त्या दुपारी मी तिथेच होतो. टपालरावांनी वहिनींच्या पत्त्यावर ती ओळ पाठवली. लगेच उत्तर आलं: ‘या पत्त्यावर अशी कोणी व्यक्ती नाही.’

शेजारच्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, “सर, टेस्टिंग का?”

“हो,” टपालराव म्हणाले. “बरोबर चालतेय.”

मंडळी, संयोजकांनी मला हलकंफुलकं बोला म्हणून बजावलं होतं. ते काही साधलं नाही. आपण शांतपणे ऐकलंत, अध्यक्षांनी वेळ दिला, आपला ऋणी आहे. आणि टपालराव, जे बोलायचं नव्हतं तेही बोललो असेन. आधी तुम्ही माफ करा, बाकीच्यांचं मग बघू.