अकरा फुटल्या, पाच उरल्या

...आता मला सांगा, बुडबुडे काय दुकानात मिळत नाहीत? चांगल्या जाड काचेच्या बाटलीत, वर तारेचं टोपडं घातलेले, थंडगार मिळतात की. जायचं, बाटली उचलायची, घरी यायचं. पण हे आमच्या भाऊजींना कोण सांगणार? मी सांगितलं. तुम्हाला सांगतो, चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा भाऊजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मेहुणे, दुकानातले बुडबुडे दुसऱ्यानं केलेले असतात." बुडबुडा फुटताना काय कर्त्याचं नाव सांगून फुटतो?

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. छत्तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं त्यांनी. नुसतं पाकिटातल्या गोळ्या कापून देणारं दुकान नव्हे हं. मागच्या खोलीत स्वतः पुड्या बांधायचे, मलमं घोटायचे, आणि काचेच्या पेटीत त्यांचा तो छोटा तराजू... त्यावर माशी बसली तर माशीचं वजन वजा करून पुडी बांधतील, असा माणूस. गेल्या वर्षी दुकान मुलीच्या हाती दिलं आणि घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले, खिडकीजवळच्या खुर्चीत. ताई मला फोनवर म्हणायची, "अरे, फरशी पुसताना पाय वर घेतात ना, तेवढीच काय ती हालचाल. बोलत नाहीत, भांडत नाहीत, काल भाजीत मीठ नव्हतं तरी खाल्ली."

मीठ नसलेली भाजी? भाऊजींनी? मी म्हटलं, प्रकरण गंभीर आहे.

आणि मग एक दिवस काय झालं कुणास ठाऊक, भाऊजी खुर्चीतून उठले, आणि उठले ते थेट माझ्या दारात. म्हणाले, "मेहुणे, यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. चाळीस वर्षांत तुमच्या बहिणीला मी स्वतःच्या हातानं बनवून काय पाजलं असेल, तर खोकल्याचं औषध. यंदा बुडबुड्यांची वाइन पाजणार. घरी केलेली."

त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं ना, की मी हो म्हटलं. तिथंच फसलो.

बरं, वाइन करायची म्हणजे साधी करायची ना, द्राक्षं, बरणी, यीस्ट, संपलं? नाही. बुडबुडे पाहिजेत. म्हणजे आधी साधी वाइन करायची, ती पूर्ण झाली की बाटल्यांत भरायची, प्रत्येक बाटलीत पुन्हा मोजून साखर, पुन्हा यीस्ट, आणि वर घट्ट बूच. मग आत साखर आंबणार, तिचा वायू होणार, वायूला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो मुकाट्यानं वाइनमध्ये मुरणार. हे झाले बुडबुडे. आता तुम्हीच सांगा, बंद बाटलीत वायू कोंडायचा, आणि ती बाटली आपल्या घरात ठेवायची... हा छंद आहे की काय आहे? मी विचारलं, "भाऊजी, साखर जास्त झाली तर?" भाऊजी नुसते माझ्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षं पुड्या बांधलेल्या माणसाला मी विचारत होतो, जास्त झाली तर.

पहिली वाइन न्हाणीघरात झाली. वीस लिटरची काचेची बरणी, वर वाकडी नळी, नळीत पाणी, आणि त्यातून दर चार सेकंदांनी, बुळुक. ताई म्हणायची, "अहो, आंघोळ करताना कुणीतरी बाहेर घसा खाकरतंय असं वाटतं." भाऊजी हसायचे. हसायचे हो. स्टुलावर घड्याळ घेऊन बसायचे, मिनिटाला किती बुळुक ते वहीत लिहायचे. आणि एक दिवस पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." ताईनं मला लगेच फोन केला. आवाज रडवेला. म्हणाली, "अरे, भांडले रे माझ्याशी." एवढा आनंद, कशानं? बुडबुड्यांनी. नुसत्या बुडबुड्यांनी.

मग आला बाटल्या भरायचा दिवस. एका हॉटेलच्या व्यवस्थापकाकडून सोळा रिकाम्या बाटल्या आणलेल्या, जाड, जड, धुऊन उकळून पालथ्या घातलेल्या. भाऊजींनी दुकानातून तो काचपेटीतला तराजू आणवला, आणि साखरेच्या सोळा पुड्या बांधल्या. अठरा ग्रॅम, अठरा ग्रॅम, अठरा ग्रॅम. अशी घडी, अशी दुमड, जशी कुणाच्या तापाचीच औषधं. मी नरसाळं धरून उभा. सोळाही बाटल्या भरल्या, आणि बघतो तर बुचं मारायचं यंत्र अडकलेलं. ते यंत्र होतं गच्चीवर, म्हणून आम्ही दोघं वर. दहा मिनिटं खटपट केली, तेल घातलं, यंत्र घेऊन खाली आलो, ठक ठक ठक सोळा बुचं मारली आणि जिन्याखालच्या कपाटात बाटल्या आडव्या घालून ठेवल्या. भाऊजी कपाटाला कडी लावताना म्हणाले, "आता आपलं काम संपलं. आता त्यांचं."

त्यांचं काम तीन आठवड्यांनी सुरू झालं.

मंगळवारी सकाळी भाऊजी दाढी करत होते, आणि कपाटातून आवाज आला, धप्प. पाठोपाठ काचा. गाल अर्धा साबणाचा तसाच ठेवून भाऊजी धावले. एक गेली. म्हणाले, काच सदोष असेल, होतं. बुधवारी दोन. शुक्रवारी जेवताना एक, शनिवारी पाहुण्यांसमोर एक. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या, दारातूनच हळू आवाजात म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना हो? म्हणजे... तुम्ही दोघं बोलता ना एकमेकांशी?" आता त्यांना काय सांगायचं, बुडबुडे आहेत म्हणून? कोण विश्वास ठेवेल? नऊ दिवसांत अकरा बाटल्या. भाऊजी मुलीचं स्कूटरचं हेल्मेट घालून, अंगाला गोधडी गुंडाळून कपाटात शिरायचे आणि काचा काढायचे. मी बादली धरून बाहेर. पायपोस चिकट, जिना चिकट, वरच्या बाईंची मांजर जिन्यातनं हलेना, चाटत बसलेली.

आणि मग फुटायच्या थांबल्या. पाच उरल्या. त्या नुसत्या पडून होत्या, शहाण्यासारख्या.

आता खरी गंमत ऐका. म्हणजे गंमत नाही. ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं, आणि म्हणाली, "अरे, एक सांगायचंय. तुम्ही वर गेला होतात ना, तेव्हा मी ती वाइन चाखून बघितली. इतकी आंबट रे. मला वाटलं, एवढे कष्ट घेतायत, आणि ही अशी लागणार... म्हणून मी एक एक चमचा साखर घातली."

"किती बाटल्यांत?"

"अकरा. मग तुमची पावलं वाजली."

मी पाटावर बसलोच. म्हटलं, ताई, सांगून टाक. तर म्हणते कशी, "चाळीस वर्षं झाली, मी त्यांच्या तराजूला कधी बोट लावलं नाही. आता हे कळलं तर पुढची चाळीस ऐकावं लागेल. तू कुणाला बोलू नकोस. विसरतील ते."

विसरतील. भाऊजी. तो माणूस वही घेऊन बसला. साखर तीच, बाटली तीच, वाइन तीच, मग अकरा का आणि पाच का? पानंच्या पानं आकडेमोड. तराजू उघडून साफ केला, वजनं दुसऱ्या वजनांशी ताडून पाहिली, सगळं बरोबर. मग म्हणजे काय? म्हणजे हात. एक दिवस मी गेलो तर भाऊजी पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत, हात समोर धरून बोटं थरथरतात का बघत बसलेले. मला म्हणाले, "मेहुणे, साखरेत माझा हात चुकला. कधीपासून चुकतोय?"

मला आधी कळलं नाही हो. मग दुसऱ्या दिवशी मुलीनं सांगितलं, बाबा दुकानात येऊन जुनी गिऱ्हाइकं शोधतायत आणि एकेकाला फोन करतायत. काय बोलतायत? "नमस्कार. मी तुमचा जुना औषधवाला. सहा वर्षांपूर्वी तुम्हाला पोटासाठी पुड्या दिल्या होत्या. आता पोट कसं आहे?" लोक घाबरले. एक गृहस्थ धावतपळत तपासणी करून आले, एकदम ठणठणीत निघाले आणि भाऊजींवरच रागावले. एका म्हाताऱ्या आजी मात्र खूश, म्हणाल्या, "बाबा रे, पोरं विचारत नाहीत, तू विचारलंस." आणि मग पुढं रोज भाऊजींना फोन करून पोटाची हकीकत सांगायला लागल्या.

मी ताईला म्हटलं, आता तरी सांग. ताई म्हणाली, "सांगते, सांगते," आणि भाजी निवडत बसली. तिचाही हात चालत नव्हता हो, एकच काडी चार वेळा निवडली तिनं.

असे तीन महिने गेले. पाच बाटल्या भाऊजींनी तरीही सोडल्या नाहीत. फळीला भोकं पाडून उलट्या अडकवल्या, रोज थोड्या थोड्या फिरवल्या, सगळा गाळ बुचापाशी आणला, मग बाटलीची मान मीठ घातलेल्या बर्फात गोठवून बूच काढून तो गाळ फटकन उडवला आणि नवं बूच मारलं. पण सगळं कसं, गप्प गप्प. औषध घेतल्यासारखं.

लग्नाचा वाढदिवस आला. दुपारचं जेवण, मुलगी, जावई, वरच्या बाई, मी. भाऊजींनी पहिली बाटली उघडली. आम्ही सगळे टेबलाखाली जायच्या तयारीत. आणि आवाज आला नुसता, फुस्स. एवढाच. ग्लासात ओतली, आणि तुम्हाला सांगतो, काय बुडबुडे हो. तळातून एक बारीक दोरा निघालेला, सरळ वर, तुटत नाही, थांबत नाही. ताईनं घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाली, "अहो... अजिबात आंबट नाही." आणि तिचा चेहरा असा झाला ना, की आता रडते की काय.

जावयानं टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी ग्लास उचलला, उजेडात धरला आणि खाली ठेवला. म्हणाले, "पाच जमल्या. सोळांत पाच. हा काही हिशेब नाही." मुलीकडे वळले, म्हणाले, "उद्या तो तराजू दे कुणाला तरी. आणि माझ्या हातच्या जुन्या पुड्या दुकानात उरल्या असतील तर फेकून दे."

मी ताईकडे बघितलं. ताई तोंड उघडायची, मिटायची. आता सांगेल, मग सांगेल... आणि मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्याच तोंडून निघालं, "भाऊजी, साखर मी घातली."

"काय?"

"अकरा बाटल्यांत. एक एक चमचा. आंबट लागली म्हणून."

भाऊजी उठले. मी म्हटलं, संपलं. चष्मा कपाळावर गेला. अगदी जवळ येऊन विचारलं, "चमचा सपाट की शिगोशीग?"

आता मला काय माहीत? मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. मागे ताईनं दोन्ही हातांनी हवेत एवढा डोंगर करून दाखवला.

"शिगोशीग," मी म्हटलं.

भाऊजींनी कागद ओढला, पेन काढलं, जेवण तसंच ताटात, आणि आकडे मांडायला लागले. अठरा अधिक नऊ, सत्तावीस, भागिले, गुणिले... आणि एकदम पेन टाकून म्हणाले, "फुटायलाच पाहिजे होत्या. अकराच्या अकरा फुटायलाच पाहिजे होत्या. मेहुणे, एक जरी राहिली असती ना, तरी माझं चुकलं असतं." आणि मला मिठी मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. चष्मा माझ्या कानात घुसला, पण मी हललो नाही. मग मुलीला सांगितलं, तराजू कुणाला द्यायचा नाही. आजींना फोन लावला, म्हणाले, पुड्या बरोबर होत्या, काळजी नको. आणि एक अख्खा ग्लास बसून प्यायले, चवीनं, माणसासारखे.

मला वाटलं, बरं झालं, सुटलो. घर वाचलं, तराजू वाचला, ताई वाचली. बहिणीसाठी एवढं करावंच की माणसानं. मी ताईकडे बघून हळूच हसलो. ती आली, दुसरा ग्लास भरून घेतला, एक घोट घेतला, आणि सगळ्यांसमोर, जावयासमोर, वरच्या बाईंसमोर, मला म्हणाली, "तुला ना, लहानपणापासून दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची खोड. निदान विचारायचंस तरी."

मी म्हटलं, "चुकलं, ताई."

दुसरं काय म्हणणार?