टॅमझिनचं प्रकरण

—नाही, बस की, बिशपसाहेब. बिशप झालास म्हणून काय झालं, लमार, रविवारच्या शाळेत माझ्याच वर्गात पेंगायचास तू. ती जेली इकडे दे. हिरव्या जेलीत किसलेलं गाजर — म्हणजे बातमी वाईटच आहे. आपण मॉर्मन लोक रिकाम्या हातानं कुणाला चर्चमधून काढत नाही, एवढी रीत यूटामध्ये अजून आहे. कॉफी? नको ना? मी घेते. आपल्यात कॉफी वर्ज्य, तेवढंही लिही माझ्या गुन्ह्यांत.

तर मी लिहिलेल्या पणजोबांच्या चरित्रातून टॅमझिनचं प्रकरण गाळायचं, नाहीतर चर्चच्या यादीतून माझं नाव काढणार. बाकी पुस्तक छान म्हणतोस — हातगाडी ओढत ते डोंगर ओलांडून आले, कालवा खणला, ते सगळं छान — फक्त टॅमझिन, त्यांची तिसरी बायको, पंधरा वर्षांची होती, तेवढं खटकतं. अरे, मी कुठून आणलं? त्यांच्याच रोजनिशीतून. तुम्हीच लहानपणापासून डोक्यात भरलंत ना, रोज लिहा, पूर्वजांची नावं शोधा? शोधली. आता म्हणता, इतकी कशाला शोधलीस.

काढा माझं नाव. गंमत अशी, की मी मेले की थोड्या दिवसांत तुमचीच एखादी पोरगी माझ्या नावानं पाण्यात बुडी मारेल आणि मला परत आत घेईल. मेलेल्यांना बाप्तिस्मा देण्यात तुमचा हात कोण धरणार? मग मधल्या चार दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला?

ऑर्विलचं काय म्हणतोस? हो, माहीत आहे मला. नाव गेलं की मंदिरात नवऱ्याशी बांधलेली कायमची गाठही जाते. सुटले म्हणायचं — अनंतकाळ ते घोरणं कोण ऐकणार होतं. सहा वर्षं झाली त्याला जाऊन. पलंगाची त्याची बाजू मी अजून — जाऊ दे. हे कुठं लिहू नकोस. फार आठवण येते रे त्याची.

नाही, पेन पुढे करू नकोस. ते प्रकरण गाळते म्हणून मी सही करणार नाही. टॅमझिनचा ना फोटो, ना थडग्यावर दगड. त्या एका प्रकरणाशिवाय ती कुठंच नाही. माझं नाव तुम्ही परत घालाल, तिचं कोण घालणार? आणि ऑर्विल — मी ग्रंथालयात जुने कागद चाळत बसायचे ना, तेव्हा तो बाहेर गाडीत बसून राहायचा. चाळीस वर्षं. कधी हॉर्न वाजवला नाही. थांबेल अजून थोडं.

नाव काढल्याचं पत्र टेबलावर ठेव. तुझ्या बायकोचं भांडं उद्या धुऊन पाठवते. जा आता.