कानेलीची कात

हॅलो?… हो, मीच. तुझ्या घरात दुसरं कोण असणार, सायमी?… झोप लागली का?… आणि बाळ? हलतंय?… डॉक्टर काय म्हणाले?… अगं, सांगते ना कानेलीचं, आधी तुझं तर सांग!… बरं, बरं. चिडू नकोस. चिडायचं नाही म्हणून तर तुला तिथे हॉस्पिटलात झोपवून ठेवलंय.

ओलाव्याचा काटा… थांब, चष्मा कुठे गेला… हं. अडतीस.

…हो, अडतीस. ऐंशी नाही, अडतीस.

अगं, ओरडू नकोस! मी काय करू? बाहेर उणे सव्वीस आहे, हीटर रात्रंदिवस पेटलेले. माझेच ओठ फुटलेत, तिथे तुझ्या सापाचं काय घेऊन बसलीस!… मारते ना फवारा. दिवसातून तीनदा, गजर लावून.… पाण्याचं भांडं भरलेलंच आहे.… झाकण?

झाकण… ऐक ना. पेटीचं झाकण मी जरा उघडं ठेवलं होतं.

परवापासून.

अगं, तूच म्हणाली होतीस, बुरशी धरली तर हवा खेळू दे! मागच्या आठवड्यात भुशावर पांढरी बुरशी आली, ती मी चमच्यानं काढली, झाकण उघडं ठेवलं. आता हवा खेळतेय तर ओल पळाली. ओलं ठेवावं तर बुरशी, उघडं ठेवावं तर वाळवंट. चाळीस वर्षं बेकरीत काढली मी. पिठाला हात लावला की पाणी किती हवं ते कळायचं. या काचेच्या पेटीचं मला काही म्हणजे काही कळत नाही गं.

…हो, कात. तेच सांगणार होते. टाकायला लागलीय.… सलग नाही ना. तुकडे निघतायत. भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे सुटावेत तसे.… डोळे? दुधाळ. दोन्ही.… शेपटी…

शेपटी मला बरी दिसत नाही, सायमी. टोकाला कात आवळून बसलीय, सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी. पुढचं काळपट पडलंय.

…हॅलो? आहेस ना?… रडू नकोस. माझं चुकलं, बाई. पण तूही ऐकत नाहीस. औलूचं हॉस्पिटल इथून दोन तासांवर, तुझ्या उशाशी बसायचं सोडून मी इथे सापाच्या उशाशी बसलेय. तुझंच वाक्य, ‘आई, माझ्याजवळ नर्सेस आहेत, कानेलीजवळ कोणी नाही.’… तुझा यार्नो घरी असता तर त्यानं… हो, माहितीये, त्याची बोट पार नॉर्वेच्या पलीकडे आहे. बोलून काय उपयोग.

ऐक, मी एक विचार केला होता. न्हाणीघरातला सौना थोडा तापवून…

नव्वद अंशांवर नाही गं! वेडी आहे का मी?… अगं, ऐकशील का! सकाळी पाच मिनिटं लावला आणि बंद केला. आता नुसती ऊब आहे. खालच्या फळीवर तापमापक ठेवलाय, अठ्ठावीस दाखवतोय. फरशीवर पाणी ओतलंय, दमट आहे सगळं.… काय?… चालेल? खरंच?… बघ, आईलाही कधीतरी सुचतं.

…हात लावायचा? मी?

नाही, सायमी. उंदीर द्यायचा तर मी तो लांब चिमटा घेते आणि तोंड फिरवते. मला नाही जमायचं.… जनावरांचे डॉक्टर? रविवार आहे, अगं. फोन केला होता सकाळी, उद्या नऊला या म्हणाले.… उद्यापर्यंत नाही थांबता येणार?… शेपटी जाईल?

बरं. बरं. फोन सौनातल्या फळीवर ठेवते, आवाज मोठा करते. येतोय ऐकू?… टॉवेल. कोमट पाणी.… पिळला.… अजून पिळू? ठिबकत नाहीये आता.

आता पेटी… कानेली, मी आहे. चावू नकोस, बाई.… मधे धरायचं? दोन्ही हातांनी? डोक्याकडून नाही… अगं बाई! अगं बाई गं!… नाही, नाही चावली. मीच ओरडले. जड आहे गं! मनगटाला वेटोळं घालतेय.… घालू दे म्हणतेस? घालू दे तर घालू दे, मला कोण विचारतंय.

…सौनात पोचले. बसले. ती टॉवेलात शिरलीय.… दाबू नको? नुसतं हातातून सरकू द्यायचं? सरकतेय… परत पुढे येतेय…

किती वेळ असं?… अर्धा तास! माझे गुडघे…

सायमी! नाकापाशी सुटतंय! टॉवेलाला घासतेय ती आपणहून.… नाही ओढत, नाही ओढत, हात लांबच आहे माझा. निघतंय… मोजा उलटा करावा तसं निघतंय! डावा डोळा चमकला! थांब… उजवा… उजवाही!… हो, दोन्ही! बघतेय माझ्याकडे. काळीभोर नजर आहे.

…शेपटी नाही अजून. तशीच आहे. टॉवेल तिथे गुंडाळून धरलाय.… ओढू का थोडं?… बरं. नाही.

…सायमी?

गप्प का झालीस?… काय झालं?… श्वास असा का घेतेस?… आता परत. मघाशीही घेतला होतास, मी झाकणाचं सांगत होते तेव्हा.… खरं सांग मला.

कधीपासून?

पहाटेपासून कळा येतायत आणि तू मला टॉवेल पिळायला शिकवतेयस?… अगं, पण अजून दहा आठवडे आहेत! तिसाव्या आठवड्यात कुणी… नाही. ओरडत नाहीये. नाही ओरडत.… मी येते. आत्ता निघते, गाडी… देवा, ही मनगटाला आवळून बसलीय, हिला कुठे टाकू…

…बोलत राहू? काय बोलू मी?… बरं. कानेलीचं बोलते. ऐक. नव्या कातडीवर दिव्याचा उजेड पडलाय. निळा, हिरवा… डबक्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतात ना, तसे रंग. तू अकरा वर्षं म्हणत होतीस, आई, बघ एकदा. मी कधी धड बघितलंच नाही. घे श्वास. सोड.… छान आहे गं तुझी पोरगी.… शेपटी? भिजतेय. होईल, वेळ लागतो.… सायमी?… सायमी, बोल ना!

…कोण?… सिस्टर? हो, मी तिची आई, हेल्वी.… आत्ता? ऑपरेशनलाच?… बाळाचे ठोके… हं.… मला दोन तास लागतील हो. आणि मला लगेच उठताही येत नाही, हातात साप आहे.… साप. सा-प.… नाही, ती बरळत नाहीये, सिस्टर, खरंच आहे साप. तिचाच आहे.

…काय विचारतेय?… शेपटीचं?

सुटली म्हणावं.… हो, कात. शेपटीपर्यंत सगळी सुटली, टोक चांगलं आहे, काळजी करू नकोस म्हणावं.

…नाही हो सुटलेली. टोक अजून तसंच काळं आहे, मला काही करता येत नाहीये. पण तुम्ही तिला एवढंच सांगा. आत्ता सांगा, दार लागायच्या आत.

…सांगितलंत?

…काय म्हणाली?

हसली?… बरं. बरं. ठेवा तुम्ही फोन, सिस्टर. तिच्याकडे बघा.