मागनं क्लीन

सरका, पुढं सरका! हां. मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न — स्वच्छ माणूस कुणाला म्हणायचं? आंघोळ केलेल्याला? कडक इस्त्रीवाल्याला? बघा, सगळे आपापली कॉलर चाचपायला लागले! थांबा. हे आपण शालनबाईंनाच विचारू.

शालनबाई म्हणजे विश्वजितची आई. नवरा गेलेला, एकुलता एक पोरगा. त्याचं लग्न जमावं, एवढंच बाईचं मागणं. आणि पोरगा काय करत होता? मोटारसायकल सजवत होता! गाडी मागनं क्लीन दिसली पाहिजे म्हणे. मग काय — मडगार्ड कापलं! साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी असते — काढली! मागच्यानं धरायचा दांडा — काढला! नंबरप्लेट अशी आत सरकवली, की नंबर फक्त चाकालाच दिसावा!

"आई, बघ मागनं! कशी दिसती?"

"छान आहे रे. पण मडगार्ड?"

"त्यानं गाडी घाण दिसायची, आई."

घ्या! घाण अडवणारंच घाण!

त्याच गाडीवर मायलेक बोरवाडीला मुलगी बघायला निघाले. ह्याचा शर्ट पांढराशुभ्र. आईच्या अंगावर ठेवणीतली साडी. एका हातानं पदर आवळलेला, दुसऱ्यानं सीट. वाटेत पाटाचं पाणी फुटून रस्त्यावर आलेलं. ह्यानं गाडी घातली सुसाट! चाकानं चिखल उचलला आणि थेट आईच्या पाठीवर — कमरेपासून अंबाड्यापर्यंत! शर्टावर? एक थेंब नाही. मागं आई होती ना!

शालनबाईंनी काय केलं? पाव्हण्यांच्या घरात शिरल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या, त्या बसल्याच.

"या विहीणबाई, आत या, घर बघा की," मुलीची आई म्हणाली.

"नको, इथंच बरी आहे."

"देवघर तरी बघा."

"इथनंच नमस्कार."

मुलीच्या आईचा चेहरा उतरला. बाई ताठ दिसते! विश्वजित कानाशी लागला, "आई, ऊठ ना! माझं लग्न मोडतीस का?"

काय वाटलं असेल हो त्या माउलीला? उठावं तर चिखल दिसणार, पोराचं हसं होणार. बसावं तर स्थळ जाणार. डोळे भरून आले, पण पाठ भिंतीवरनं हलली नाही.

तेवढ्यात मुलगी पाया पडायला वाकली. नाव प्रणाली. वाकता वाकता तिला चुना लावलेल्या भिंतीवर तपकिरी ओल दिसली. पोरगी हुशार!

"काकू, चला, आत पाणी देते."

बाईंना उठवलं आणि स्वतः त्यांच्या पाठीला लागून चालली, अगदी चिकटून. कुणाला काही दिसलं नाही. मंडळी, कापलेलं मडगार्ड बघा कुठं सापडलं!

शालनबाई बाहेर आल्या त्या मुलीच्या आईच्या साडीत. आता मुलीची आईही हसत होती. विश्वजितला काही कळेना.

"साडी का बदललीस?"

उत्तर प्रणालीनं दिलं. "गाडी मागनं क्लीन आहे हो तुमची. मी बघून आले. काकूंना आम्ही एसटीत बसवून देतो, तुम्ही एकटेच जा. मडगार्ड लावा, जाळी लावा, आणि काकूंना मागं बसवून परत या. दोघंही कोरडे पोचलात, तर माझा होकार."

गडी निघाला. तोच रस्ता, तोच पाट, पण आता मागं आई नाही! गावात शिरला तर पारावरची माणसं वळून वळून बघतायत, हसतायत. ह्याला वाटलं, गाडी आवडली! अजून जोरात पळवली. घरी शर्ट काढला, उलटा केला आणि त्याची पाठ बघितली. आई एसटीनं आली, तेव्हा पोरगा शर्ट तसाच मांडीवर घेऊन रडत होता.

"आई, हे सगळं तुझ्या पाठीवर होतं?"

"धुतलं की जातं रे," शालनबाई म्हणाल्या.

हसलात ना मघाशी? हसा! येताना मंडपाबाहेर लावलेल्या गाड्या बघितल्यात मी, मागनंसुद्धा. आता देवाचं नाव घ्या आणि सावकाश घरी जा. पोचलात की स्वतःची इस्त्री बघू नका. मागं बसलेल्या माणसाला आधी उतरू द्या, आणि त्याची पाठ बघा.