पाय दुखत नव्हते

मैत्री, ईशान, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मैत्रीने मला तिच्या शाळेतल्या नाटकातला प्रवेश करून दाखवला. गोऱ्या माणसासाठी बसमधल्या जागेवरून न उठलेल्या त्या काळ्या अमेरिकन बाईंचा. आणि बाळा, तू लंगडत आलीस, कमरेवर हात ठेवलास, कण्हलीस आणि मग खुर्चीत बसलीस. तुझे बाबा टाळ्या वाजवत होते. मी आवाज येत नाही असं म्हणून फोन ठेवला. आवाज येत होता. याच लंगडण्यावरून तीस वर्षांपूर्वी जपानमध्ये मी एका दिग्दर्शकाशी भांडले होते आणि ते भांडण तिथेच संपलं असं समजून चालले होते. संपलेलं नाही, म्हणून आता सगळं नीट सांगते. लिहिताना माझा हात थरथरतो, म्हणून शेजारची सुनीता उतरवून घेते आहे. तिला बजावलंय, वाक्यं सरळ कर, पण मी न बोललेलं काही घालू नकोस. ती विचारते, काकू, थोडं भावनिक करू का? नको.

माझा जन्म नागपूरचा, इंदोरा वस्तीतला. माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, शाळामास्तर. ते लहान असताना त्यांच्या गावच्या शाळेत जातीमुळे त्यांना वर्गात बसू देत नसत. दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, घरून नेलेल्या गोणपाटावर बसायचं आणि आतलं ऐकायचं. हे त्यांनी आम्हा भावंडांना एकदाच सांगितलं. पण त्याचा परिणाम असा की पुढे जन्मभर बाबा कुठेही गेले, लग्न असो, व्याख्यान असो, गॅदरिंग असो, अर्धा तास आधी जायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे. लग्नात तर थेट वरपक्षाच्या सोफ्यावर. आई लाजेने अर्धी व्हायची, म्हणायची, अहो ती नवरदेवाच्या मामाची जागा आहे. बाबा म्हणायचे, मामा आला की पाहू. मामा यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि दुसरी खुर्ची ओढून घ्यायचा. मला कुठे मागच्या बाकावर पाहिलं की तिथूनच ओरडायचे, मांगं कायले बसते वं, समोर बस. समोर बसायला कारण लागत नाही, हे मी असं शिकले. पुस्तकातून नाही.

मी इंग्रजीत एम.ए. केलं, कॉलेजात शिकवलं, लग्न झालं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तुमच्या आबांना जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला बोलावलं म्हणून नोकरी सोडून त्यांच्यामागे गेले. तुमची आई, प्रज्ञा, तेव्हा दहा वर्षांची. सहा महिन्यांत ती जपानी पोरांसारखी बोलायला लागली. मी मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि आबा इंग्रजीत म्हणायचे, दोघी जरा हळू बोला.

आता मला वैताग कशाचा होता ते ऐका. प्रज्ञा बसमध्ये बसायची नाही. अर्धी बस रिकामी असली तरी ही पाठीवर ते लाल दप्तर घेऊन चढायच्या दाराजवळ दांडा धरून उभी. खाली बस म्हटलं की मान हलवायची. का गं? काही नाही. पाय दुखत नाहीत का? नाही. माझ्या बाबांची नात, आणि दाराशी उभी. काय सांगू तुम्हाला, मला तिचा इतका राग यायचा की मी एकटीच समोरच्या सीटवर जाऊन बसायची आणि घरी येईपर्यंत तिच्याशी बोलायची नाही.

अशात माधुरीचा फोन आला. माधुरी पुण्याची, तिचा नवरा आबांच्याच प्रयोगशाळेत, तिचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. म्हणाली, अगं सिनेमात काम करतेस का? मी म्हटलं, सकाळीच थट्टा नको. थट्टा नव्हती. शाळांसाठी व्हिडिओ बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीवर अर्ध्या तासाचा नाट्यपट करायचा होता, मुलांना इंग्रजीही कळावं आणि माणसांचे हक्कही. गोरे लोक म्हणून इंग्रजी शिकवणारे परदेशी मास्तर मिळाले होते. काळे लोक म्हणून त्यांनी आम्हाला धरलं, सेंदाईतले भारतीय, दोन श्रीलंकेचे विद्यार्थी आणि माधुरी, जी माझ्यापेक्षाही गोरी. ती म्हणाली, मला मागच्या रांगेत बसवणार आहेत, खिडकीकडे तोंड करून. तुला मुख्य काम आहे. हा व्हिडिओ इथल्या सगळ्या शाळांत दाखवणार, प्रज्ञाच्यासुद्धा.

शेवटच्या वाक्यासाठी मी हो म्हटलं. प्रज्ञाच्या वर्गासमोर, टीव्हीवर, तिची आई जागेवरून उठणार नाही, हे तिने बघावं एवढंच मला हवं होतं.

चित्रीकरण एका बस डेपोत, शनिवारी दुपारी. शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची, म्हणून दुभाषी म्हणून प्रज्ञाला दप्तरासकट बरोबर नेलं. पहिला वैताग मेकअपचा. एक मुलगी तपकिरी रंगाची डबी घेऊन आली आणि माझ्या गालाला लावणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. म्हटलं, हा माझा रंग आहे, एवढा पुरे. ती इतकी वाकून माफी मागायला लागली की मलाच तिची समजूत घालावी लागली. दुसरा वैताग बसचा. जपानमधली बस, अमेरिकेत डावीकडे असणारा ड्रायव्हर उजवीकडे, आणि सगळे प्रवासी पुढच्याऐवजी मधल्या दाराने चढले. चढताना एकेकाने सवयीने दारातल्या यंत्राकडे हात नेऊन, कुठल्या थांब्यावर चढलो ते दाखवणारं नंबराचं तिकीट ओढलं. अमेरिकेत, त्या काळात, नंबराचं तिकीट. माधुरीने तर ते पर्समध्ये नीट ठेवलं. कट म्हणाले, पुन्हा चढलो, पुन्हा सगळ्यांनी तिकीट ओढलं. शेवटी यंत्रावर टॉवेल बांधला.

तिसरा वैताग ड्रायव्हरचा. ते काम एका कॅनडाच्या मुलाकडे होतं. स्वभावाने गरीब, जपानमध्ये तीन वर्षं राहून आणखी गरीब झालेला. त्याने माझ्यावर ओरडायचं होतं. तो यायचा, उठा म्हणायचा आणि वर हलकेच मान झुकवायचा. मी म्हटलं, अरे बाबा, असं विचारलंस तर मी खरंच उठेन.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. खरं भांडण काठीचं. दिग्दर्शक एन्दो-सान, पन्नाशीचे, बारीक, कायम गळ्यात रुमाल. त्यांनी माझ्या हातात एक काठी दिली आणि सांगितलं, लंगडत या, कण्हत बसा, गुडघा चोळा. मी म्हटलं, या बाई जेमतेम चाळिशीच्या होत्या, कामाला जाणाऱ्या, काठी कशाला? ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, नाहीतर मुलांना कळणार नाही. आमच्याकडे म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी बसमध्ये वेगळी सीट असते, मुलांना लहानपणापासून शिकवतो की त्यांना जागा द्या. तुम्ही थकलेल्या दिसलात की मुलांना ड्रायव्हरचा राग येईल. धडधाकट दिसलात तर मुलं म्हणतील, ही बाई वागामामा आहे. म्हणजे हट्टी, आपल्यापुरतं बघणारी.

मला मान्य करायला हवं की माणूस प्रामाणिक होता. पण मला हे ऐकवेना. मी काठी त्यांच्या खुर्चीला टेकवून ठेवली. त्यांनी ती परत आणून दिली. मी परत ठेवली. दोन्ही हातांनी, अदबीने, चार वेळा आमची ही देवघेव चालली. माधुरी मागच्या रांगेतून म्हणाली, अगं घे ना, दोन मिनिटांचं काम आहे, डबे गार होतायत. मी म्हटलं, तू तिकीट सांभाळ.

मग मी प्रज्ञाला जवळ बोलावलं आणि म्हटलं, यांना नीट सांग. या बाईंचे पाय दुखत नव्हते. दुखत असते तर कुणीही दया केली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. प्रज्ञाने सांगितलं. एन्दो-सानांनी तिलाच विचारलं, मग ती बाई उठत का नाही? प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कारण ती आधीच बसलेली आहे. दुसरं कारण नाही. प्रज्ञाने तेही सांगितलं. आणि मग ती थांबली नाही, पुढे बरंच काही बोलली, हळू आवाजात, दप्तराचे पट्टे धरून. मला त्यातलं बस आणि शेजारी एवढे दोन शब्द कळले. एन्दो-सान तिच्याकडे बघत राहिले, गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं, काठी उचलली आणि कॅमेऱ्यामागे ठेवून आले. म्हणाले, चला, काठीशिवाय.

पुढचं एका झटक्यात झालं. मी सरळ चालत आले, बसले. तो मुलगा आला आणि काय झालं कोण जाणे, या वेळी ओरडला. मी नाही म्हटलं. आवाज चढवला नाही, रडले नाही.

जेवणाच्या वेळी मी माधुरीला विचारलं, पोरगी काय बोलली गं? माधुरीने डब्यातला भात चिवडत सांगितलं, ती म्हणाली, माझेही पाय दुखत नाहीत. मी बसमध्ये बसले की शेजारची जागा रिकामीच राहते, गर्दी असली तरी कुणी बसत नाही, सगळे बघतात, म्हणून मी उभी राहते. मला उठ असं कुणीच म्हणत नाही, तरी मी उठते. माझी आई उठत नाही. तिला काठी देऊ नका.

मी माझा डबा उघडला. भात गार होता.

परतीच्या बसमध्ये मी तिला बस म्हटलं नाही. प्रज्ञा नेहमीप्रमाणे दाराशी गेली, दांडा धरला. दोन थांबे गेले. मग ती सरळ पुढे आली आणि ड्रायव्हरच्या मागच्या दोघांच्या सीटवर खिडकीशी बसली, दप्तर मांडीवर घेऊन. मी उठून तिच्या शेजारी बसायला गेले, तशी मराठीत म्हणाली, इथे नको बसू आई. राहू दे रिकामी. मी पलीकडे बसले. लोक चढत होते, दांडे धरून उभे राहत होते. ती बाहेर बघत होती. आमचा थांबा येईपर्यंत त्या जागेवर कुणी बसलं नाही आणि ती उठली नाही.

आता पुढचा वैताग. व्हिडिओ तयार होऊन आला, आम्ही घरी लावला, माझं काम ठीक होतं, काठी नव्हती. आणि शेवटी गोड आवाजाची एक निवेदिका जपानीत म्हणते, दिवसभर शिलाईकाम करून थकलेल्या या बाईंना त्या दिवशी उठवेना. प्रज्ञाने भाषांतर केलं आणि मी रिमोट सोफ्यावर आपटला. एन्दो-सानांना फोन लावला. ते म्हणाले, वरच्या साहेबांनी घातलं, फार माफी मागतो. फोनवरसुद्धा वाकल्याचं कळत होतं. प्रज्ञाच्या वर्गाने तो व्हिडिओ पाहिला. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, सगळ्यांनी विचारलं, तुझ्या आईला बरं नव्हतं का? मी त्यांना सांगितलं, बरी होती.

सेंदाई सोडताना एन्दो-सान स्टेशनवर आले आणि सोनेरी कागदात बांधलेलं एक लांबट पुडकं दिलं. आत ती काठी. पॉलिश करून. ती थट्टा होती की माफी, मला आजवर कळलेलं नाही.

तर मैत्री, तुझ्या आईला हे सगळं माहीत आहे, तिने तुला सांगितलं नसेल कारण ती सांगत नाही. तू रंगमंचावर सरळ चालत ये, पुढच्या खुर्चीवर बस आणि कण्हू नकोस. बाई लंगडल्या पाहिजेत असं तुझ्या मास्तरांनी म्हटलं, तर त्यांना माझा नंबर दे, इंग्रजी मला येतं.

माझा डावा गुडघा आता खरोखरच दुखतो. बसमध्ये कॉलेजची पोरं उठून जागा देतात, मी आभार मानून बसते, ती गोष्ट निराळी. त्या व्हिडिओच्या कॅसेटला बुरशी लागली, ती लावायचं यंत्रही घरात नाही. एन्दो-सान वारले, तुमचे आबाही गेले. काठी आहे. दाराशी, चपलांच्या शेजारी असते.